आज काय जेवलात?

आधीच सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञ तर मुळीच नाही. मी विजयमाला कस्तुरे. सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर ‘बार्शीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागली आहे’ असं सांगणारा जो बाईचा आवाज होता, तो माझा. तिथं यंत्र बसवलं तेव्हा साहेबांनी शाल-श्रीफळ देऊन मला घरी बसवलं. पुढं आई गेली. भाऊ हैदराबादेत, त्याचा फोन दिवाळीला येतो. लग्न मी केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारून डोकं खाणारेही आता कुणी उरले नाहीत. एकेकाळी त्यांचा राग यायचा. आता वाटतं, यावं एखाद्यानं आणि खावं डोकं.

अशात होटगी रोडवरच्या आहार-दावा परीक्षण केंद्राची जाहिरात आली. ‘स्पष्ट आवाजाची स्त्री पाहिजे.’ मी गेले. काम काय, तर रोज संध्याकाळी लोकांना फोन करून विचारायचं, आज काय जेवलात? मी म्हटलं, बाई गं, एवढ्यासाठी पगार देतात?

तो काळच तसा होता. ज्याला बघावं तो कुठल्या तरी ताटाच्या नादी लागलेला. ‘सूर्यताट’वाले म्हणायचे, दिवस मावळला की पाण्याशिवाय तोंडात काही घालू नका आणि धान्याला शिवू नका. ‘घृतपथ’वाले म्हणायचे, भाकरी सोडा, सकाळी उठल्याबरोबर वाटीभर तूप प्या. दोघांचीही वचनं सारखीच: महिन्यात पोट सपाट, साखर गायब, गुडघे नवे. शेजारच्या मेहत्रे बाई तूप पिऊन पिऊन आजारी पडल्या, तरी दवाखान्यात झोपून त्याचेच गुण गात होत्या. शेवटी सरकारनं कायदा केला. दावा करायचा असेल तर करा, पण आधी तो फुंकणीतून काढा.

फुंकणी म्हणजे चुलीपुढची नव्हे. केंद्रानं ज्याला त्याला घरी दिलेलं ते यंत्र तळहाताएवढं, एका टोकाला नळी. सकाळ-संध्याकाळ त्यात फुंकायचं. खरं नाव लांबलचक होतं, पण लोकांनी पहिल्याच आठवड्यात फुंकणी म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं.

डॉक्टर ऋजुता निमकर आमच्या केंद्राच्या प्रमुख. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, बोलणं तुटक, पण मनाची सरळ बाई. त्यांनी मला पहिल्या दिवशी समोर बसवून समजावलं होतं.

“ताई, शरीर म्हणजे चूल समजा. चूल पेटली की धूर निघतो. आपला धूर म्हणजे आपला श्वास. पिठूळ-गोड पदार्थ जळतात तेव्हा प्राणवायू कमी लागतो, चरबी जळते तेव्हा जास्त. आत घेतलेला प्राणवायू आणि बाहेर टाकलेला कर्बवायू, दोन्ही मोजले की कोणतं लाकूड जळतंय ते कळतं.”

“मग तूप पिणाऱ्यांची चरबीच जळत असणार.”

“जळते की! घृतपथवाले तेच तर पोस्टरवर छापतात. पण कोणाची चरबी? सकाळी प्यायलेल्या तुपाची. परसातलं लाकूड तसंच पडलेलं, आणि हे बाजारातून मोळी आणून जाळतायत. पहिल्या आठवड्यात काटा खाली जातो तोही बहुतेक पाण्यामुळं. लोक नाचतात, मग पुढच्या महिन्यात तोंड लपवतात.”

आणखी एक गंमत त्यांनी सांगितली. कार्बनचे दोन भाऊ असतात, एक हलका, एक जरा जड. ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही मंडळी जड भावाला थोडी जास्त जागा देतात. गहू, तांदूळ, डाळी कमी देतात. तुम्ही जे खाता ते श्वासातून बाहेर येतंच, त्यामुळं माणसानं वरण-भात खाल्ला की साखर घातलेलं काही खाल्लं, हे त्याच्या फुंकरीतून बऱ्यापैकी कळतं. तोंड खोटं बोलेल, फुंकर बोलत नाही.

“मग मला कशाला फोन करायला लावता?” मी विचारलं.

“कारण साखर पोटात गेली हे यंत्राला कळतं. ती चहातून गेली की लाडवातून, आणि माणसाला ती का आठवली नाही, हे नाही कळत.”

नियम कडक होते. प्रश्न चारच. जेवलात का? काय? किती? त्याखेरीज काही? सल्ला द्यायचा नाही, शाबासकी द्यायची नाही, आणि स्वतःबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. गप्पांचा परिणाम वजनावर होऊ नये म्हणून. हो म्हटलं. माझ्याकडं स्वतःबद्दल बोलण्यासारखं होतं तरी काय!

आणि मग कळलं, आपल्या माणसांना काय खाल्लं ते सांगता येत नाही. खोटं बोलतात असं नाही हो, त्यांच्या हिशेबी ते खाणंच नसतं. चहा हे खाणं नाही. उभ्यानं खाल्लेलं खाणं नाही. पोराच्या ताटात उरलेलं संपवलं ते तर पुण्यकर्म. बायका म्हणायच्या, “आज काहीच नाही खाल्लं, उपास होता.” खोदून विचारलं की साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू आणि वर दूध. एकादशी अन् दुप्पट खाशी, ती म्हण काय उगाच पडलीय?

यांच्यात मोहोळचे नागनाथ पवळे होते. लग्नाच्या बँडमध्ये आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. बायको गेली, मुलगा दुबईला, घरात एकटेच. देह अवाढव्य, साखर वाढलेली, डॉक्टरांनी सांगितलं होतं की वजन उतरलं नाही तर पाय गमवाल. फुंकणी त्यांच्या हातची, म्हणजे तोंडचीच! पहिल्याच दिवशी एवढ्या जोरात फुंकली की यंत्र बंद पडलं. मी त्यांना अण्णा म्हणायची, ते मला ताई.

एका सोमवारी फुंकणीनं दाखवलं, साखर भरपूर.

“अण्णा, आज गोड काय खाल्लंत?”

“कायबी न्हाय बघा. आईशप्पत.”

“आठवून बघा.”

“आवो ताई, सकाळी वरन-भात, दुपारी ताक. ह्याच्या पल्याड पानी.”

“देवळात गेला होता?”

“जानारच की. सोमवार हाय.”

“प्रसाद?”

“प्रसाद व्हय! शिरा व्हता. पर ताई, प्रसाद म्हंजे खानं न्हवं. त्यो हातावर घ्यायचा, कपाळाला लावायचा, तोंडात टाकायचा.”

“किती वेळा टाकला?”

“आता पुजारी वळखीचाच हाय...”

मी हसले. नियमात हसण्याबद्दल काही नव्हतं. तेही हसले, त्या हसण्यात बँडवाल्याचा दम होता. त्यानंतर सोमवारी फोन केला की तेच आधी सांगायचे, “ताई, आज कपाळाला लावून दुसऱ्याला दिला.”

संध्याकाळी फोन करता करता मला कितीतरी घरांतला स्वयंपाक कळायचा. कुणाकडं पिठलं, कुणाकडं शेंगाची आमटी, कुणाचं कारलं कडू झालेलं. मग मी घरी जायची आणि चहात पाव बुडवून खायची. एकटीसाठी कुठं कणीक मळत बसायचं? स्वयंपाकघरातला दिवासुद्धा लावत नसे मी बरेचदा. पण कान भरलेले असायचे, ते पुरायचं.

वर्ष झालं, अभ्यास संपला आणि निमकर मॅडमनी मला आत बोलावलं. टेबलावर चहा होता, दोघींसाठी. तेव्हाच मला वाटलं, काहीतरी घडलंय.

“ताई, आपले गट कसे होते आठवतं?”

मला कुठं माहीत! कोण कुठल्या गटात ते मला मुद्दाम सांगितलेलंच नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. चिठ्ठ्या टाकून माणसं वाटली होती. एका गटाला सूर्यताट आणि माझा फोन. दुसऱ्याला घृतपथ आणि माझा फोन. तिसऱ्याला आहार कुठलाच नाही, नेहमीचंच खा, फक्त माझा फोन. हा तिसरा गट तुलनेसाठी, त्याचं वजन हलणार नाही असं धरलेलं. आणि चौथ्याला आहाराची छापील पत्रकं, फोन नाही.

“पहिल्या दोन्ही गटांचं वजन उतरलं. सूर्यताटवाले पेढे वाटायला निघाले होते. पण तिसऱ्याचंही तेवढंच उतरलंय, ताई. आणि चौथा गट होता तिथंच आलाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे ताटात काही नव्हतं. जे होतं ते तुमच्या फोनमध्ये होतं. संध्याकाळी कुणीतरी विचारणार आहे म्हटलं की माणसाचा हात आखडतो. आणि एकटी माणसं दिवेलागणीनंतर भूक नसताना खातात, करमत नाही म्हणून. फुंकणीत ते स्पष्ट दिसतं. तुमचा फोन नेमका त्याच वेळेला जायचा.” त्यांनी कपाळावर हात मारला. “आम्ही सगळे मराठी, सगळे शिकलेले, आणि ‘जेवलात का’ हा प्रश्न आम्ही मोजमाप म्हणून ठेवला! आपल्याकडं हा प्रश्न माहितीसाठी कुणी विचारतं का? काट्यालाच औषध लावून वजन करत बसलो आम्ही.”

मला काय वाटलं ते खरं सांगते. आनंद झाला, मनापासून झाला. नागनाथअण्णा तिसऱ्या गटातले. त्यांचा पाय वाचला होता तो माझ्या विचारण्यानं. घरी जाताना पेढे घेतले. वाटायला कुणी नव्हतं म्हणून मीच खाल्ले.

सूर्यताटचा दावा बाद झाला, घृतपथाचाही. पण व्यापारी माणूस असा बसतो होय हात चोळत? थोड्याच दिवसांत सूर्यताटची माणसं केंद्रात हजर. आहार गेला खड्ड्यात, आता आम्ही फोनच विकणार. रोज संध्याकाळी आपुलकीनं विचारणारा आवाज. यंत्रातून, हजारो लोकांना एकाच वेळी. आणि तो आवाज माझा हवा.

“तुमच्या आवाजात औषध आहे, कस्तुरे मॅडम,” त्यांच्यातला एक गोरटेला मुलगा म्हणाला.

निमकर मॅडम नंतर मला एकटीला म्हणाल्या, “ताई, घाई करू नका. विचार करा.”

मी विचार केला नाही. औषध आहे म्हणाला की तो! आजवर मला असं कुणी म्हटलं होतं का? बंद खोलीत बसून मी त्यांना सगळं बोलून दिलं. हसून दिलं, चार तऱ्हांनी. ‘अगंबाई’ दिलं, ‘असं होय’ दिलं, ‘बरं बरं, सावकाश सांगा’ दिलं. खोकलासुद्धा दिला.

पण कायदा तोच. हाही दावाच, तेव्हा फुंकणीतून काढा. त्याच लोकांच्या पुन्हा चिठ्ठ्या पडल्या. निम्म्या लोकांना मी फोन करणार, निम्म्यांना माझ्या आवाजातलं यंत्र. कधी माणूस असेल, कधी यंत्र, असं सगळ्यांना आधी कळवून सह्या घेतल्या होत्या. वाचतंय कोण! यंत्र जर माणसाइतकंच काम करतंय असं ठरलं, तर माणसानं फोन करायचं कारणच उरणार नव्हतं. हे मला त्या दिवशी मॅडमनी समोर बसवून सांगितलं, आडपडदा ठेवला नाही.

नागनाथअण्णा यंत्राच्या वाट्याला गेले.

पहिल्या सोमवारी संध्याकाळी मी यादी खालून वर आणि वरून खाली बघितली. मग दुसऱ्या कुणाला तरी फोन लावला. लातूरच्या एक बाई होत्या, वांग्याच्या भाजीबद्दल बोलत होत्या. माझं लक्ष नव्हतं. कपाळाला लावून पुढं दिला असेल का यांनी शिरा? त्या मेल्या यंत्राला कळेल का विचारायला?

आणि मग मी काय करायला लागले ठाऊक आहे? सकाळी देवापुढं दिवा लावून म्हणायची, देवा, वाढू दे त्यांची वजनं. फार नको, थोडी. निदान अण्णांचं तरी. दुसऱ्या क्षणी लाज वाटायची, कारण पाय कुणाचा जाईल? त्या माणसाचा. मग म्हणायची, नको देवा, बाकीच्यांची वाढू दे. असली प्रार्थना देव तरी कशी ऐकणार!

नाहीच ऐकली. निकाल आला तेव्हा टेबलावर पुन्हा चहा होता.

“दोघांत काही फरक नाही, ताई. काट्यावर तुम्ही आणि ते सारखेच. कदाचित ते किंचित सरस.”

“सरस कसं?”

“तुमच्यावर स्वतःबद्दल न बोलण्याचं बंधन होतं. कंपनीनं यंत्रावर ते ठेवलं नाही. ते थोडं घरचं, दारचं बोलतं. माणसं मोकळी होतात.”

“घरचं? यंत्राला कुठलं आलंय घर?”

त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला.

“मॅडम, वजनाखेरीज काही फरक आहे का?”

“वजनाखेरीज आपण काही मोजलंच नाही, ताई.” त्यांचा आवाज बारीक झाला. “मला वाईट वाटतंय. पण खोटं कसं लिहू? तुपाला जो नियम लावला तोच याला लावायला हवा.”

“लिहूच नका खोटं,” मी म्हटलं. मला त्यांचा राग आला नव्हता. राग यायला कुणीतरी चुकायला लागतं. मी चहा संपवला आणि माझी पिशवी उचलली. या वेळी शाल-श्रीफळ नव्हतं एवढंच.

पहिले काही दिवस मी झोपा काढल्या. मग संध्याकाळ झाली की हात फोनकडं जायला लागला. घड्याळ बघायची, आता लातूर, आता तुळजापूर, आता मोहोळ. घरात एवढं शांत की नळ ठिबकला तरी बरं वाटायचं. मीच मोठ्यानं विचारून बघितलं एकदा, काय गं विजे, जेवलीस का? आणि मग रडू आलं. इतकं रडले की शेजारच्या मेहत्रे बाईंनी भिंतीवर थाप मारली. पण दार वाजवलं नाही त्यांनी.

अण्णांचा नंबर मला पाठ होता. कधी मोहोळला आलात तर, असं म्हणून त्यांनी एकदा सांगितला होता. लिहून घ्यायला बंदी होती, पाठ व्हायला नव्हती. मी मनाशी वाक्य जुळवलं. ‘अण्णा, मी विजया, खरीखुरी. इतके दिवस तुमच्याशी बोलत होतं ते यंत्र.’ माणसाला खरं कळायला नको का? आणि खरं कळलं तर ते माझ्याशी बोलतील, यंत्राशी कशाला बोलतील? एवढा साधा हिशेब होता माझा. दिवे लागायच्या वेळी मी फोन लावला.

“अण्णा? मी बोलतेय.”

“कोन, ताई? आगं, आत्ता तर ठिवला की फोन! काय इचारायचं ऱ्हायलं का?”

आगं. पूर्वी ते मला ‘आवो ताई’ म्हणायचे.

“नाही, म्हणजे... जेवलात का?”

ते हसले. तोच दम, तेच हसणं, पण जरा हलकं. वजन उतरलेल्या माणसाचं. “बघ, इसरली! सांगितलं न्हवं का, भाकरी आन् शेपू. तूच म्हनलीस शेपू कर म्हनून. तब्येत बरी हाय न्हवं तुजी?”

“बरी आहे.”

“आन् दाजींचा गुडघा?”

“कोणाचा?”

“आगं, दाजींचा! रातभर कन्हत व्हते म्हनलीस न्हवं काल? म्या म्हनलं एरंडेल कोमट करून लाव. लावलं का न्हाई?”

मी उभी होते. स्वयंपाकघराच्या दारात, अंधारात. माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याला एरंडेल लावलं की नाही असं एक माणूस मला जीव तोडून विचारत होता. जुळवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. अण्णा, ती मी नव्हे.

“गप का झालीस, ताई? लय दुखतंय का त्येंना?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “कुनी म्हनंल हा फुकटचा चौकश्या करतोय. पर माजी थोरली भन गेल्यापास्नं ताई म्हनायला कोन व्हतं मला? पोरगं फोनवर म्हनतं, बाबा, ते मशीन आसंल. म्या म्हनलं, खुळ्या, मशीनला नवरा आसतोय का?”

काय सांगू आता याला? यानं शिरा सोडला होता, पाय वाचवला होता, शेपू करून खाल्ला होता, सगळं त्या बाईच्या भरवशावर. ती बाई या घरात नव्हती, पण त्याच्याकडं होती. तिला नवरा होता, त्याचा गुडघा दुखत होता, आणि तिला भाऊ होता. मी खरं बोलले असते तर दोघांकडं मिळून एकही माणूस उरलं नसतं.

“लावलं,” मी म्हटलं. “आता बरं आहे त्यांना. झोपलेत.”

“झ्याक झालं बघ. आन् शर्वरी? तिचा ताप उतरला का?”

शर्वरी कोण हे मला माहीत नव्हतं. माझी मुलगी होती, की सून, की नात? मी दिवा लावला, खुर्ची ओढली आणि बसले.

“अण्णा,” मी म्हटलं, “आज माझं डोकं ठिकाणावर नाही रे. तूच सांग जरा. अजून काय काय सांगितलंय मी तुला?”